चुन्याची रेघ

ओल्या गोणपाटाचा वास आला की मला मासवणजवळचा आमचा ओहोळ आठवतो. टेकडीवरची झाडं तुटून माती वाहून गेली होती, होळीच्या आतच विहिरी आटायच्या, म्हणून गावाने श्रमदानाने पोत्यांचा बंधारा घालायचं ठरवलं. पालघरला शिकून आलेल्या मी आठवडाभर खपून ओहोळाचा नकाशा काढला आणि सर्वांत अरुंद जागा दाखवली. चौथीतच शाळा सुटलेला माझा मोठा भाऊ तिथे नुसता वाकला. "धाकल्या, इथं खेकड्यांची बिळं हाईत. पाणी थांबायचं नाय. वरती कातळ हाय, तिथं घालू." "मास्तर, कागदावर खेकडं काडायचं राहिलं काय?" एका म्हाताऱ्याने विचारलं आणि सगळे हसले. भावाने वर चुन्याची रेघ मारली. दुपारी माणसं भाकरी खायला बसली, तेव्हा मी ती रेघ पुसून खाली, माझ्या जागेवर, नवी ओढली. भाऊ सगळ्यांच्या आधी परतला. ओल्या मातीत चपलांचे ठसे होते, आणि चपला एकट्या माझ्याच पायात होत्या. त्याने एकदा माझ्या पायांकडे पाहिलं. मग अनवाणी पायाने एकेक ठसा आणि माझी रेघ पुसली, ती पुन्हा वर ओढली आणि माणसं येताच म्हणाला, "धाकल्याला इचारून पोती लावा, माप त्यालाच कळतं." मला त्याच्या या मोठेपणाचाही हेवाच वाटला. गेल्या आठवड्यात त्याच्या दहाव्याला गाव त्याच कातळावर दरसाल घालतात त्या बंधाऱ्यावर जमलं. पाणी काठोकाठ होतं, जो तो त्याचंच नाव घेत होता, आणि मला तेव्हाही हेवा वाटला. फक्त ते ठसे ठाऊक असलेला माझ्याशिवाय दुसरा माणूस आता उरला नव्हता.