चौकटीचं लाकूड

कसबा बावड्यात बायडाबाई आणि तिची धाकटी जाऊ बाळाबाई यांची दारं समोरासमोर, मध्ये सामाईक अंगण. वाटणीत सासऱ्याच्या दाराची सागवानी चौकट थोरलीचा मान म्हणून बायडाबाईकडे गेली आणि त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. ऐकवायचं ते मात्र त्या रोज ऐकवायच्या. बायडाबाई आपल्या म्हशीला सांगायची, बाळाबाई कोंबड्यांना. त्या अंगणात कुठलीच गोष्ट झाकून राहत नसे.

म्हणूनच बाळाबाई लेकाकडे पुण्याला कायमची निघाल्याचं बायडाबाईला कोंबड्यांबरोबरच कळलं. तिला घास गोड लागेना. जाऊ नको म्हणायचं होतं, पण ते म्हशीला कसं सांगणार?

त्यात एक गांधीलमाशी तिच्या चौकटीवर येऊ लागली. तोंडानं लाकूड खरवडायची, चघळून त्याचा लगदा करायची आणि समोर बाळाबाईच्या वळचणीला नेऊन थापायची. आधी बारीक देठ लोंबला, मग त्याला खाली तोंड केलेली करडी, कागदी घरं एकाला एक जडत गेली. इकडे चौकटीवर पांढरट ओरखडे उठले. बायडाबाईनं म्हशीला सुनावलं, "बघ गं, चौकट मिळाली न्हाय तर आता माशी लावून न्हेत्यात."

"माशीला वाटणी मान्य न्हाय, त्याला मी काय करू?" बाळाबाई कोंबड्यांना म्हणाली.

निघायच्या दिवशी बाळाबाईचा मुलगा धैर्यशील पेटता टेंभा घेऊन पोळं जाळायला आला. घर बंद राहणार, माश्या माजतील, असं त्याचं म्हणणं. बायडाबाई अंगण ओलांडून थेट वळचणीखाली उभी राहिली.

"थोरल्या आई, सरका. चावतील."

"चावू देत. ह्यातलं लाकूड माझं हाय."

"आक्का," दारातून बाळाबाई म्हणाली. कोंबड्या सकाळीच शेजारी देऊन झाल्या होत्या. "चावल्यावर चुना कोण लावणार हाय तुला?"

बायडाबाईला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. धैर्यशीलला उशीर होत होता, त्यानं टेंभा विझवला. बाळाबाईनं कुलूप लावलं आणि किल्ली जावेच्या हातात दिली.

"पोळ्यावर ध्यान ठेव. जातो मी."

बायडाबाईनं किल्ली कनवटीला खोचली, पदर सारखा केला, घसा साफ केला.

"नगं जाऊस," ती म्हणाली. तोवर गाडी कारखान्याच्या रस्त्याला लागली होती.