वस्तू हातात, तोंड बंद

अकरावी-बारावीला प्रॉडक्ट डिझाइन शिकवायला लागले तसे माझ्याकडं किस्से पुठ्ठ्याच्या कातरणांसारखे साठायला लागले. संध्याकाळी झाडून काढावेत, तर सकाळी टेबलाखाली पुन्हा ढीग! आमचं ज्युनिअर कॉलेज पालमला. पोरं आसपासच्या खेड्यांतून एसटीनं येतात आणि येतानाच काहीतरी घेऊन येतात.

*

ॲडमिशनच्या दिवशी सविताचे वडील आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, घरी मेंढरांचा मोठा कळप.

"ह्यात पोरगी करती काय?"

"नव्या वस्तू बनवते," मी म्हटलं.

"बाजारात लय वस्तू हायत की."

"जी बाजारात मिळत नाही, ती बनवते."

"मिळत न्हाई म्हंजी कुणाला लागत नसंल!"

मी फॉर्म पुढं सरकवला. बोलण्यात मला हरवणारा अजून जन्मायचाय, असं माझा नवरा गावभर सांगतो. त्याला हे कळू दिलेलं नाही.

सविताला बारावीनंतर डिझाइनच्या कॉलेजात जायचं होतं. दुसरं तिच्या डोक्यातच नव्हतं. वडिलांनी जाताना तिला अट घातली, "आपल्या कामाला येणारी एक वस्तू करून दाव. मग पुढचं बघू. न्हाईतर मेंढरं हायतच."

*

माझ्या वर्गाचा नियम एकच. वस्तू वापरणाऱ्याच्या हातात द्यायची आणि आपण तोंड बंद ठेवायचं. समजावून सांगायला आपण काय जन्मभर वस्तूसोबत फिरणार आहोत?

बाळूनं शेतात भाकरी गरम राहावी म्हणून जाड गोधडीची पिशवी शिवली. आजोबांच्या हातात दिली आणि नियमाप्रमाणे गप्प बसला. आजोबांनी ती उलटीपालटी करून बघितली, बांधावर अंथरली आणि वर बसले!

"लय मऊ केलंस रे बाळ्या!"

बाळूनं प्रोजेक्टचं नाव बदलून 'शेतातली गादी' केलं. मी पैकीच्या पैकी मार्क दिले. आजोबा अजून उठलेले नाहीत म्हणे.

*

मग पोरांनी आमच्या प्राचार्यांसाठी फायलींचा रॅक केला. सरांनी प्रार्थनेच्या वेळी दहा मिनिटं कौतुक केलं, रॅक काचेच्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. फायली खालीच, फरशीवर!

त्या दिवशी मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, 'कौतुक करणारा वापरत नाही. वापरणारा तक्रार करतो.' ते आजपर्यंत कुणी पुसलेलं नाही. पोरं आता सरांच्या मागंच लागतात, "सर, उलीसं तरी वाईट बोला की!"

*

सविताचं ठरलं होतं. मेंढीला दूध कमी पडलं की कोकरांना बाटलीनं पाजावं लागतं. एकेकाला मांडीत धरून तिच्या आईची कंबर मोडायची. सवितानं चार बाटल्या एकदम अडकवायचं स्टँड काढलं, आधी पुठ्ठ्याचं. घरी चाचणीला नेलं आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं आली.

"काय म्हणाले युजर?" मी विचारलं.

"मॅडम, युजरनं मॉडेल खाल्लं!"

वर्ग लोळायला लागला. सविताही हसली, पण तिचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं. मग तिनं गावातल्या वेल्डरच्या मागं लागून लोखंडी सळईचं केलं. "आता खाऊ दे," म्हणाली.

*

प्रॅक्टिकलच्या दिवशी वडील दोन कोकरं काखेत मारून आले. बाहेरचे परीक्षक म्हणाले, "हं, एक्स्प्लेन करा."

सविता गप्प. नियम म्हणजे नियम! तिनं नुसतं स्टँड वडिलांपुढं ठेवलं. त्यांनी दोन बाटल्या अडकवल्या, कोकरं सोडली. कोकरांनी शेपट्या हलवत दोन्ही बाटल्या रिकाम्या केल्या! वडील चांगलं म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत. स्टँड खांद्यावर टाकलं आणि निघाले.

"अहो, मार्क द्यायचे राहिलेत!" परीक्षक ओरडले.

"कोकरांना इचारा," ते म्हणाले आणि गेलेसुद्धा.

सविताचं तोंड एवढंसं झालं. "मॅडम, कालेजाचं कायबी बोलले न्हाईत ओ." नंतर कळलं, ते तसेच कळप घेऊन लांबच्या मुलखात चराईला गेले होते. तिचा प्रवेश-परीक्षेचा अर्ज वडिलांच्या सहीवाचून तसाच अडकून पडला. रोज सकाळी ती माझ्याकडं बघायची आणि मी खिडकीबाहेर.

आणि एके दिवशी वर्ग चालू असताना वडील दारात! खांद्यावर स्टँड, कपाळावर आठ्या.

"मॅडम, काय करून ठिवलंय हे पोरीनं? बिऱ्हाड हलवताना घोड्यावर बांधता येत न्हाई. एक कडी वाकली. दांडग्या कोकरांना बुटकं पडायलंय. आन् चार बाटल्यांनी काय होतंय? रोज सकाळी रांग लागती!"

सवितानं फळ्याच्या कोपऱ्याकडं बघितलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"हे नीट करायला शिकवणारं कालेज कुठं हाय, तेवढं सांगा. तिथं धाडतो हिला."

अख्खा वर्ग उठून टाळ्या वाजवायला लागला. बाळू तर बाकावर चढला.

वडील माझ्याकडं वळले. "हे टाळ्या काहून वाजवायलेत? मी भांडायला आलोय!"