त्या नटाशेजारची खुर्ची

ऑस्ट्रेलियात टूवूंबाला मुलीकडे राहायला आले त्यानंतरची गोष्ट. गावाबाहेर एका शेतावर सिनेमाचं शूटिंग होतं. गर्दीत उभं राहायला माणसं हवी होती. नात युनीत, म्हणजे इथल्या विद्यापीठात शिकते. तिने स्वतःचं नाव दिलं आणि मला न विचारता माझंही. म्हणाली, "आजी, लंच फ्री आहे."

सिनेमा एका म्हाताऱ्या काळ्या नटाच्या आयुष्यावर होता. इथल्या मूळच्या लोकांतला. म्हातारपणाचं काम तो स्वतःच करत होता. चहाच्या वेळी माझ्याशेजारी बसला आणि बोलत सुटला. नात मराठीत सांगत होती. पोरवयात तो घोड्यावरून गुरं हाकायचा. पहिल्या सिनेमात काळ्या माणसाचं काम गोऱ्यालाच दिलेलं, तोंडाला रंग फासून. घोड्यावरून पडायचं असलं की याला पुढे करायचे.

"पडायचो मी, नाव त्याचं," म्हणून तो हसला. पुढे पडद्यावर नाव झळकलेला त्यांच्यातला तोच पहिला. तेव्हाही जेवायला बाहेर बसवायचे.

मग त्याने विचारलं, "तुझी माणसं कोण? कुठली?"

मला झोंबलं. आमच्या गावी एवढं विचारून झालं की ओंजळीत वरून पाणी ओतायचे. मी म्हटलं, "तुला कशाला हव्यात चौकशा?"

नातीने ते त्याला सांगितलंच नाही. "आजी, ते सगळ्यांनाच विचारतात. नातं लागतं का बघतात."

नाही लागलं तर काय करतात, ते तिला ठाऊक नव्हतं.

जेवणानंतर शूटिंगवाल्या एका बाईने मला गर्दीतून बाहेर काढलं. त्यांची एक म्हातारी आली नव्हती. मला फुलाफुलांचा झगा चढवला आणि ओसरीवर नटाच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. सिनेमात मी त्याची बहीण. रंग लावायची गरज नाही, म्हणाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तो आला, मला पाहिलं आणि उभाच राहिला. काय म्हणाला ते नातीने सांगितलं म्हणून कळलं.

"ही नको. आमच्या माणसांची कामं आम्हीच करायची, यासाठी जन्मभर भांडलो. आमची बाई बसवा, नाहीतर खुर्ची रिकामी ठेवा. नाहीतर मी चाललो."

मग मला हात देऊन त्यानेच उठवलं. पायऱ्या उतरेपर्यंत हात सोडला नाही. पोटभर जेवलीस ना, असंही विचारलं. रिकाम्या खुर्चीशेजारी बसून त्याने सीन दिला.

मला पंगतीतून उठवलेलं आहे, अमक्यांची म्हणून. इथे त्यांची नाही म्हणून उठवलं. दोन्ही एकच, असं म्हणवत नाही. वेगळं काय, तेही नीट सांगता येत नाही.

गाडीत नात फणफणत होती. "दॅट वॉज सो रूड, आजी! कम्प्लेंट करू?"

"थांब," मी म्हटलं. "राग आलाय का ते मला आधी ठरवू दे."

अजून ठरलेलं नाही.