कूलर बंद करणारी कुसुम

कुसुम गेल्याचा निरोप शेजारच्यांच्या फोनवर आला, तेव्हा मी तिच्यावर रागावलेलीच होते. आठ दिवसांपूर्वी दवाखान्यात तिच्याशी झालेलं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. रविवारी जाऊन चांगलं भांडायचं, असं ठरवलं होतं... आणि ही बाई शुक्रवारीच निघून गेली. आता महिना होऊन गेला, राग तसाच आहे. कोणावर काढू?

आम्ही दोघी नागपूरला सदरमधल्या एका दुमजली इमारतीत, वरच्या हॉलमध्ये घड्याळं जुळवायचो. सुटे भाग मुंबईहून यायचे. मी तबकडीवर काटे बसवायचे आणि कुसुमकडे शेवटचं काम... काच साफ करून बसवायची आणि मागचं झाकण दाबून घड्याळ बंद करायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? कुसुमला करताना बघायला हवं होतं. बोटांना रबरी टोप्या, चिमट्यात काच कडेनं धरलेली. आधी रबरी फुंकणीनं धूळ उडवायची, मग मऊ कातड्यानं मधून कडेकडे पुसायचं, मग ट्यूबलाइटसमोर तिरपी धरून बघायची. एवढंसं काही दिसलं की पुन्हा पहिल्यापासून. बाकीच्या मुली तोंडाची वाफ टाकून काच पुसायच्या. तिनं बघितलं तर त्यांची खैर नसायची. आमचे ट्रे तिच्यासमोर तुंबून राहायचे आणि मॅनेजर आम्हा सगळ्यांवर डाफरायचे. बरं, घरी आली तरी हिचं तेच. बोलता बोलता माझ्या नाकावरचा चष्मा काढून घ्यायची आणि पुसून पुन्हा बसवायची. जणू चष्मा माझा नव्हेच, हिच्या ट्रेमधला माल!

पण खरा छळ म्हणजे कूलर. नागपूरचा मे महिना काय असतो ते मी काय सांगायचं. दुपारी पंख्याखाली बसलं तरी कानशिलं तापतात. हॉलमध्ये वाळ्याच्या ताट्यांचा एक मोठा कूलर होता, तोच आमचा जीव. कुसुमचं म्हणणं, कूलरच्या हवेत वाळ्याची कुसं उडतात आणि ओल असते. घड्याळ त्या हवेत बंद केलं की ओल आत कोंडते आणि थंडीत काचेवर आतून धुकं धरतं. मॅनेजरना तिनं एका काचेखाली अडकलेलं कूस दाखवलं आणि हुकूम काढून घेतला. अकरा ते दोन घड्याळं बंद करायची, तेवढा वेळ कूलर बंद. अकरा ते दोन, मे महिन्यात! बायका तिला तोंडावर शिव्या द्यायच्या. त्या वर्षी मला सातवा महिना लागलेला. कुसुम दर अर्ध्या तासानं नॅपकिन ओला करून माझ्या मानेवर ठेवायची. पण बटणाला हात लावायची नाही, आणि लावूही द्यायची नाही.

त्याच महिन्यात तिची सासू आजारी पडली. बारा वाजता तासाभरासाठी घरी जाऊन म्हातारीला भरवावं लागायचं. तिच्या हाताखाली हे काम शिकलेली मी एकटीच, म्हणून तिनं मला आपल्या जागेवर बसवलं. ज्यानं घड्याळ बंद केलं त्याची खूण झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं टोचायची असा नियम होता. कुसुमची खूण दोन ठिपके. तिचा ट्रे म्हणून मीही तेच टोचायचे. निघताना तिनं एकच गोष्ट सांगितली, कूलर लावजो नको. मी हो म्हटलं. ती जिना उतरली की मी उठून कूलर लावायचे. पाच दिवस लावला. गार वारा सगळ्यांनाच हवा होता, कोणी चुगली केली नाही. ती यायच्या आत बंद करायचे. एकदा तिनं नाक वर करून विचारलं, वाळ्याचा वास कसा काय येऊन राहिला? मी म्हटलं, सकाळचाच असेल.

डिसेंबरात उत्तरेकडच्या एका व्यापाऱ्याकडून घड्याळांचं खोकं परत आलं. सगळ्यांच्या काचांवर आतून धुकं. मॅनेजरनी झाकणं उघडली, भिंगातून बघितलं... दोन ठिपके. कुसुमला बोलावलं. तिनं डोळ्याला भिंग लावून चार-पाच झाकणं शांतपणे बघितली. तिचे ठिपके नेहमी एका रेषेत असायचे. माझा दुसरा ठिपका खाली घसरायचा. तिनं भिंग खाली ठेवलं आणि एकदाच माझ्याकडे बघितलं. मला तेव्हाच कळलं, हिला कळलं.

जानेवारीत आम्हाला कायम करणार होते आणि ज्याच्या नावावर तक्रार असेल त्याला घरी बसवणार होते, हे हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. कुसुमच्या नवऱ्याची गिरणी बंद पडलेली, घर हिच्या एकटीच्या पगारावर. माझी मुलगी पाच महिन्यांची. कुसुम मॅनेजरना म्हणाली, "ट्रे माहाच आहे, साहेब." बस, एवढंच. माझी वाचा बसली असं लिहायला मला आवडलं असतं. वाचा बसली नव्हती, मी गप्प बसले. त्याच आठवड्यात तिची नोकरी गेली आणि जानेवारीत मी कायम झाले.

पुढं तिनं एका घड्याळवाल्याच्या दुकानात काचा बसवायचं काम धरलं. निम्म्या पगारात, तेही टपरीएवढ्या जागेत. पण दर आठवड्याला माझ्याकडे यायची, मुलीसाठी काहीबाही आणायची, चष्मा पुसायची. एक शब्द बोलली नाही. अगं, भांड ना! चार माणसांत माझी इज्जत काढ! दोन-तीनदा मी विषय काढायला गेले, तर ही उठून शोकेसच्या काचेवरचे डाग दाखवायला लागली. चीड यायची मला. मुलगी आता बारावीला आहे, म्हणजे बघा किती वर्षं हे चाललं.

शेवटी दवाखान्यात मी बोललेच. ती पाठीला उशी लावून बसली होती. म्हटलं, कुसुम, ते ठिपके माझे होते.

"माहीत आहे मले," ती म्हणाली. "तुह्या ठिपक्याले कधी सरळ उभं राहता आलं?"

"मग बोलली काहून नाही वं?"

"बोलून काय, माह्या ट्रेवर मीच तुले बसवलं होतं, दोघीही घरी बसलो असतो. तुह्या कडेवर लेकरू होतं." मला वाटलं, झालं, आता हात हातात घेईल. तर ही म्हणते, "नोकरीचं सोड. मी सांगून गेली होती ना, कूलर लावजो नको म्हणून? मंग लावला काहून?"

इतक्या वर्षांचा तिचा राग तो होता! तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि मी धुमसत घरी आले. तेच आमचं शेवटचं बोलणं.

एक गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. आमच्या हॉलमध्ये कोणाच्या काचेखाली धूळ राहिली, बोट उमटलं, की बायका म्हणतात, "कुसुम केली हिनं." ज्या मुलींनी तिला पाहिलंही नाही त्याही म्हणतात. मी ते वर्षानुवर्षं ऐकून घेतलं. तिची तेरवी झाल्यावर कामावर गेले आणि जेवणाच्या सुट्टीत, मॅनेजरही तिथेच असताना, उभी राहिले. सांगितलं की ती घड्याळं मी बंद केली होती, कूलर लावून, तिच्या खुणेवर. आता म्हणायचंच असेल तर माझं नाव घ्या, रजनी केली म्हणा. डब्यांची झाकणं लागली, सगळ्या आपापल्या जागेवर गेल्या.

परवा एका नव्या मुलीच्या काचेवर आतून अंगठा उमटला. तिची शेजारीण हळूच म्हणाली, "रजनी केली हिनं." मी मान वर केली नाही. ऐकून फार बरं वाटलं.