तिसरा सिलिंडर

बळवंतराव धुमाळांबद्दल कुणा जाणत्या माणसाने लिहायला हवं होतं. मला कितपत जमेल ठाऊक नाही. पण सत्त्याण्णव सालच्या त्या दुपारी त्यांच्या गॅरेजमध्ये मी होतो, आणि आपलं माणूस म्हणावं असं दुसरं कुणी नव्हतं.

फौजेच्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं काढून ते दिल्लीच्या मयूर विहारला आले. डावा कान तिकडेच गेला होता. उजव्या कानाने ते इंजिन ऐकत. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर, मूठ कानाला. असा कान दिल्लीत दुसरा नव्हता, आणि असा हातही. एका गिऱ्हाइकाच्या ड्रायव्हरचा जबडा मोडला म्हणून ते तीन महिने तिहारमध्ये होते. त्यांच्या बायकोचं, सुमित्रावहिनींचं, मनगटही त्यांनीच मोडलं होतं. आमच्या मराठी मंडळात हे सगळ्यांना माहीत होतं. आम्ही संक्रांतीला त्यांच्याकडे तिळगूळ घ्यायचो आणि गप्प बसायचो. मीसुद्धा.

ते तिहारहून सुटून आले त्या दिवशी वहिनींनी ट्रंक भरून दाराशी ठेवली होती. "पुन्हा कुणावरही हात उचललात, तर मी त्याच दिवशी जबलपूरला भावाकडे. न्यायला येऊ नका." आठ महिने झाले तरी ट्रंक दारातच होती. बळवंतराव तिला वळसा घालून ये-जा करत.

त्या दुपारी गुडगावचा एक जमिनींचा दलाल जिप्सी घेऊन आला. बरोबर दोन दांडगे. गाडी उभी असली की इंजिन थरथरायचं. आधीच्या कुणा मेकॅनिकने रेस वाढवून दिली होती. थरथर झाकली गेली, पण आता सिग्नलला गाडी पुढे ओढ घ्यायची. आदल्या दिवशी तिने एका स्कूटरवाल्याला लोळवलं होतं.

"शाम को बरात में जाना है, ताऊ," दलाल म्हणाला. "फटाफट कर दे."

बळवंतरावांनी पहिलं काम केलं ते रेसचा स्क्रू सैल करण्याचं. इंजिन मंद झालं आणि जिप्सी हिवताप भरल्यासारखी हलू लागली. बॉनेटचा दांडा खडखडायला लागला.

"ये क्या किया? पहले से ज़्यादा बिगाड़ दी."

"बिगाड़ी नहीं. किसी ने बीमारी छुपाई थी, मैंने खोली है."

दलालाने त्यांच्या उजव्या कानाखाली वाजवली. बळवंतराव तापलेल्या रेडिएटरवर पडले, हाताची कातडी भाजली. उठले तेव्हा कानातून रक्ताची बारीक धार मानेवर उतरत होती. हातात मोठा पाना होता. त्यावर त्यांची बोटं आवळलेली मी पाहिली. मी स्टुलावरून उठलो. तेवढंच मला जमलं.

"बसा, विश्वनाथराव," ते म्हणाले. "मी काही करत नाही." ते ओरडूनच बोलले. स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नव्हता.

मग ते वाकले आणि प्लगच्या वायरी एकेक करून उपटून परत लावू लागले, उघड्या हाताने. प्रत्येक वेळी झटका बसून खांदा उडायचा. पहिली काढली की इंजिन मरगळायचं. दुसरी काढली तरी तेच, चौथी काढली तरी तेच. तिसरी काढल्यावर मात्र काहीच फरक पडला नाही.

"तीसरा मरा हुआ है."

"तू भी मरेगा, जल्दी कर," म्हणत एका दांडग्याने त्यांच्या गुडघ्यामागे लाथ घातली. कपाळ बॉनेटच्या कडेवर आपटलं. बळवंतरावांनी पाना जमिनीवर ठेवला आणि पायाने लांब सरकवला.

तिसरा प्लग बदलला, थरथर तीच. करंट येत होता. प्लगच्या भोकावर अंगठा धरून स्टार्टर मारायला लावला, दाबही चांगला होता. म्हणजे कुठून तरी जादा हवा आत शिरत होती. एरवी तो फुसफुसाट त्यांनी दहा पावलांवरून ऐकला असता. आता कान नव्हता. त्यांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरली, टोक इंजिनवर टेकवलं, डोळे मिटले आणि जिथून हवा-पेट्रोल आत जातं त्या नळीच्या जोडावर तेलाचे थेंब सोडत गेले. तिसऱ्या सिलिंडरपाशी इंजिनने तेल आत ओढलं. थरथर थांबली, मागून निळा धूर आला. त्यांचे दात लाल झाले होते.

एक बोल्ट सैल होता आणि त्याच्याजवळ गॅस्केट चिरलं होतं. नवं बसवायला दीड तास गेला. त्यात आणखी दोन लाथा बसल्या. शेवटी त्यांनी रेस अगदी कमी केली आणि इंजिनच्या झाकणावर रुपयाचं नाणं कडेवर उभं केलं. ते उभं राहिलं.

दलालाने त्यांच्या गालावर थोपटलं. "देखा? हाथ पड़ा तो ठीक हुई."

जिप्सी वळणाआड गेली. बळवंतराव गॅरेजच्या हिरव्या शटरकडे वळले आणि दोन्ही मुठींनी ते बडवू लागले. पत्रा आत दबला, बोटांची सालपटं निघाली. मी बघत राहिलो. दमल्यावर ते म्हणाले, "घरी चला. ती माझ्यावर विश्वास ठेवणार नाही."

वहिनींनी दार उघडलं आणि पहिल्यांदा त्यांचे हात पाहिले. "कुणाला मारलंत?"

"वहिनी, त्यांनी कुणालाच मारलं नाही," मी म्हणालो. "उलट त्यांनाच..."

"भाऊजी, माझं मनगट मोडलं तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, जिन्यावरून पडल्या असतील."

बळवंतराव आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते.

वहिनींनी तसराळं आणलं आणि त्यांच्या मुठी त्यात धरून पाणी ओतलं. रक्ताबरोबर हिरवे कपचे निघून पाण्यावर तरंगायला लागले. वहिनींनी एक बोटावर घेऊन उजेडात धरला, नखाने खरवडला. मग दुसरा.

"हा शटरचा रंग आहे," त्या म्हणाल्या. मग पहिल्यांदाच त्यांनी बळवंतरावांच्या मानेवरचं वाळलेलं रक्त पाहिलं, आणि ते कुठून आलं तेही.

त्यांनी सुई घेतली आणि जखमेत रुतलेला रंग काढायला बसल्या. हात काही हळुवार नव्हता.

"दुखतंय?"

बळवंतरावांना ऐकू आलं नाही. वहिनींनी पुन्हा विचारलं नाही. पण त्या जबलपूरलाही गेल्या नाहीत.