मलपृष्ठावरचा फोटो

"पासपोर्टसारखा नको, लेखिकेसारखा काढा."

इंदिरानगरच्या स्टुडिओत माझ्या आधी त्या बाईंचा नंबर होता. साठीच्या असाव्यात. स्वतःच छापून घेत असलेल्या कथासंग्रहाच्या मलपृष्ठासाठी त्यांना फोटो हवा होता.

"लेखिका कशी दिसते, मावशी? आमच्याकडे पहिलीच आली," फोटोग्राफर हसला.

त्यांनी हनुवटीखाली हात ठेवून पाहिला, लाजून काढून घेतला, चष्मा पुसला आणि शेवटी पदर सारखा करून त्या नुसत्या बसल्या. फोटो स्क्रीनवर आल्यावर त्याने विचारलं, "केस काळे करून देऊ?"

"नको रे. प्रकाशकांच्या उत्तराची वाट बघण्यात पांढरे झालेत. दिसू देत."

मी ऑफिसच्या आयकार्डसाठी आले होते. माझ्या फोनमध्येही कथा होत्या, इंग्रजी शाळेत शिकून मराठीत लिहिलेल्या. कुणीतरी वाचाव्यात असं फार वाटायचं, पण दाखवायची भीती वाटायची.

त्या माझ्याकडे वळल्या. "तू सांग गं, ह्या बाईचं पुस्तक वाचशील?"

मी नेहमीसारखी नुसती मान डोलावली. त्या पिशवी उचलून दारापर्यंत गेल्या, तेव्हा मात्र घरीही कधी न सांगितलेलं तोंडातून निघालं.

"काकू, मीपण लिहिते."