रांगेतली पोटदुखी

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. जिल्हा नवा, पण दुष्काळ जुनाच. आमची लष्करी मेडिकल तुकडी जळकोटकडच्या एका गावात पाण्याच्या टँकरांसोबत होती. मी नर्सिंग असिस्टंट. लान्स नायक गौतम कांबळे टँकरचा ड्रायव्हर, गाव देवणी. बाया रात्रीच घागरी मांडून त्यांच्याशेजारी जमिनीवर झोपत. रांगेत भांडण नको म्हणून गौतमही तिथंच पसरायचा.

एका पहाटे तो पोट धरून आला.

"सायेब, पोट लई दुखायलंय."

गाव म्हणालं, पाणी बाधलं. मलाही तेच वाटलं. आमच्या डॉक्टर कॅप्टनसाहेबांनी पोट दाबून पाहिलं. पोट मऊ होतं. ताप नाही, जुलाब नाहीत.

"कांबळे, वर बघ."

गौतमच्या पापण्या वर जाईनात. साहेबांचा चेहरा उतरला.

"मण्यार चावली. या सापाचा दंश दिसत नाही, दुखतही नाही. आधी पोट दुखतं, मग श्वास जातो. गाडी काढा!"

गौतमची जीभ जड झाली होती. तरी त्यानं माझी बाही ओढली.

"सोजरमावशीचं बी... पोट दुखतंय. रांग सोडंना ती."

मी धावलो. रांगेत गौतमशेजारीच झोपणारी ती म्हातारी ओवा चघळत बसली होती, डोळे अर्धे मिटलेले.

"घागर भरू दे, मंग येते. जागा जाईल माजी."

मी माझी टोपी तिच्या घागरीवर ठेवली आणि तिला उचललं. फौजीची टोपी कोण हलवणार?

साहेब वायरलेसवर ओरडत होते, "उदगीर, दोन पेशंट, मण्यारदंश. इंजेक्शन आणि ऑक्सिजन तयार ठेवा. ओव्हर."

वाटेत गौतमचा श्वास थांबला. मी तोंडाला तोंड लावून श्वास देत राहिलो. उदगीर दिसू लागलं आणि त्याची नाडी गेली. मी थांबलो नाही. शेवटी साहेबांनीच खांद्याला धरून मला मागं ओढलं.

सोजरमावशी जगली.

बरी झाल्यावर तिनं हट्टच धरला. मी तिला देवणीला घेऊन गेलो. ती लिंगायत, बौद्धवाड्यात कधी पाय न टाकलेली. गौतमच्या आईपुढं ती उभी राहिली.

"माय, तुज्या लेकानं सांगितलं म्हून मी हाय."

आईनं पाट मांडला.

"मंग जेवून जा," ती म्हणाली.

सोजरमावशी पाटावर बसली. ताटातली भाकरी तिनं शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.